काळी ज्वारी, सुकलेली पऱ्हाटी : बुरशी ओळखा, पेरणीआधीच अडवा

(सिरोंचा येथे कापूस-ज्वारी उत्पादकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाची गोष्ट आपण नेहमीच करतो, आजही करू. पण आधी मालाची गोष्ट करू. माल काट्यावर चढण्याआधीच त्यातला वाटा कोण खाऊन जातो हे आपल्याला ठाऊक नसेल, तर भावाच्या भांडणात आपली बाजू पहिल्या घटकेलाच लंगडी पडते. व्यापारी मूठभर ज्वारी तळहातावर घेतो, फुंकर मारतो आणि म्हणतो, "माल काळा आहे." त्या एका वाक्यासरशी दर खाली येतो. सरकारी खरेदी केंद्रावर जावे तर तिथे एफ.ए.क्यू.चा निकष. बऱ्या सरासरी प्रतीत बसेल त्याच मालाला हमीभाव. काळा दाणा त्यात बसत नाही. म्हणजे हमीभाव राहतो कागदावर आणि आपली ज्वारी जाते कोंबड्यांच्या खाद्याला, नाहीतर दारूच्या कारखान्याला. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती देण्याचे धोरण आणले तेव्हा काळ्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल, असेच सांगितले गेले. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. भाकरीसाठी पेरलेल्या धान्याची किंमत दारूच्या भट्टीने ठरवावी, यात आपल्याला समाधान कसे वाटेल?

आपण म्हणतो, "पावसाने ज्वारी काळी पडली." भावांनो, पाऊस काळा नसतो. दाणा काळा करते ती बुरशी. पाऊस तिला फक्त संधी देतो. पऱ्हाटी उभ्या उभ्या सुकली की आपण म्हणतो, "जमिनीत काही तरी निघाले." ते 'काही तरी' बहुतेक वेळा बुरशीच असते, आणि कधी कधी नसतेही. नसते तेव्हा बुरशीचे औषध विकत घेणे म्हणजे शुद्ध पैसे फेकणे. म्हणून आज दोनच गोष्टी बोलू. रोग ओळखायचा कसा, आणि अडवायचा कधी.

आपले गवत आणि बंगल्याचे गवत

ज्वारी म्हणजे काय? शास्त्राच्या हिशेबाने ते गवतच. हरळी, बांबू, धान, मका, ज्वारी, ही सारी एकाच कुळातली भावंडे. शहरात बंगल्यापुढे हिरवळ राखतात, तिच्यावरही तांबेरा येतो, मूळकूज येते, गोल गोल वाळलेले चट्टे पडतात. तिथला चांगला माळी काय करतो? संध्याकाळी पाणी देत नाही, कारण पाते रात्रभर ओले राहते. युरियाचा मारा करत नाही, कारण पाते कोवळे लुसलुशीत होते. पाणी साचू देत नाही आणि कापलेले गवत दाटून राहू देत नाही. औषधाची बाटली तो सगळ्यात शेवटी काढतो.

त्या माळ्याच्या हाती पाण्याची तोटी आहे. आपल्या हाती ती नाही. सिरोंच्याच्या कुशीत प्राणहिता गोदावरीला मिळते, पुढे इंद्रावती येऊन मिळते, आणि आपले वावर मात्र कोरडवाहू. पाऊस येईल तेव्हा धो धो येणार, नको तेव्हा उघडणार. म्हणून माळ्याची अक्कल आपल्याला दुप्पट वापरावी लागते. तोटी आपल्या हाती नसली तरी पेरणीची तारीख, वाण, झाडांमधले अंतर, खताचा हात आणि कापणीचा दिवस हे सारे आपल्याच हाती आहे.

चुलीचे तीन दगड

चुलीला तीन दगड लागतात. एक काढला की भांडे बसत नाही. बुरशीच्या रोगाचेही तसेच आहे. पहिला दगड म्हणजे बुरशीचे बी. हे बी काजळीपेक्षा बारीक असते. ते बियाण्याला चिकटून येते, जमिनीत पडून राहते, नाहीतर वाऱ्यावर येते. दुसरा दगड म्हणजे त्या बुरशीला मानवणारे हवामान. बहुतेक बुरशींना ओल आणि दमटपणा लागतो, पण एक बुरशी अशी आहे की तिला पिकाची तहान मानवते. तिच्यावर पुढे बोलू. तिसरा दगड म्हणजे तिला बळी पडणारे पीक.

हवामानाचा दगड आपण हलवू शकत नाही. पण बाकीच्या दोघांपैकी एक तरी काढता येतो. रोग कोणत्या वाटेने येतो हे कळले की कोणता दगड काढायचा तेही कळते. वाट न ओळखता पंप खांद्याला लावला तर औषध एका बाजूला पडते आणि रोग दुसऱ्या बाजूने येतो.

काणी : रोग दिसतो भादव्यात, येतो मृगात

ज्वारीवर काणीचे चार प्रकार आहेत. त्यांत आपले सगळ्यात जास्त नुकसान करत आली ती दाणे काणी. कणीस वरून बरे दिसते, पण जवळ जाऊन पाहिले तर दाण्याच्या जागी राखाडी-पांढऱ्या, लांबट, टोकदार पिशव्या दिसतात. नखाने फोडली की आत काळी भुकटी. खळ्यावर मळणी केली की या पिशव्या फुटतात आणि ती भुकटी साऱ्या चांगल्या दाण्यांना माखते. तेच दाणे आपण बियाणे म्हणून ठेवतो. पुढच्या मृगात दाणा उगवतो तेव्हा त्याच्याबरोबर बुरशीही उगवते, कोवळ्या कोंबात शिरते आणि झाडाच्या आतून वर चढत जाते. झाड उंच होते, हिरवेगार दिसते, कुणाला शंका येत नाही. कणीस बाहेर पडते तेव्हा कळते.

कळते त्या दिवशी कोणतेही औषध फवारा, उपयोग शून्य. कारण रोग आला होता पेरणीच्या दिवशी. त्याला अडवायची जागाही तीच. ३०० मेश बारीक गंधकाची भुकटी, एक किलो बियाण्याला ४ ग्रॅम. एकराला ज्वारीचे ३-४ किलो बी लागते, म्हणजे एका एकराला १२ ते १६ ग्रॅम गंधक. काडेपेटीत मावेल इतके. कोरड्या मडक्यात बी आणि गंधक टाका, मडके पाऊण भरा, तोंड बांधा आणि सात-आठ मिनिटे गडगडवा. प्रत्येक दाण्याला पिवळसर हात बसला की झाले. उरलेले बी खाण्यात किंवा कोंबड्यांना टाकू नका. जिवाणू खत किंवा ट्रायकोडर्मा लावायचे असेल तर ते गंधकाबरोबर कालवू नका. आधी औषध, मग पेरणीच्या थोडे आधी जिवाणू.

ही युक्ती नवी नाही. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यात बी. एन. उप्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या सुमारास ज्वारीच्या काणीवर अशा भुकट्यांचे प्रयोग करून पाहिले. तेव्हापासून गंधकाचा हा उपाय सांगितला जातो आहे. नव्वद वर्षांपूर्वीचा, चार पैशांचा उपाय. यात कुणाला मोठा नफा नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही. हायब्रीडच्या पाकिटातले बी बहुधा औषध लावूनच येते, ते रंगावरून कळते. पण घरचे गावरान किंवा सुधारित वाणाचे बी ठेवणाऱ्याने गंधकाशिवाय तिफण जुंपू नये.

दुसरी मोकळी काणी. तिच्यात पिशव्या शेतातच लवकर फुटतात आणि कणीस काळे, मोकळे दिसते. ही पण बियाण्यातून येते आणि गंधकाने अडते. तिसरी झिपरी काणी. हिच्यात अख्खे कणीसच एका पांढुरक्या पापुद्र्यात गुंडाळलेला गोळा होऊन बाहेर पडते, पापुद्रा फाटला की काळ्या झिपऱ्या लोंबतात. ही मुख्यतः जमिनीतून येते. हिला बियाण्याचे औषध पुरे पडत नाही. असे कणीस दिसले की पापुद्रा फुटण्याआधी त्यावर कापडी पिशवी चढवा, खालून कापा, धुऱ्याबाहेर नेऊन जाळा. हातात धरून झटकत झटकत नेले तर पुढच्या कित्येक वर्षांची पेरणी तुम्ही करून ठेवली म्हणून समजा. त्या वावरात दोन-तीन वर्षे ज्वारीवर ज्वारी घेऊ नका. चौथी लांब काणी. ती वाऱ्याने येते, कणसात तुरळक दाण्यांच्या जागी लांब वाकड्या नळ्या दिसतात. ती क्वचित मोठे नुकसान करते, कणसे काढून टाकणे पुरते.

मायबहिणींना एक विनंती. बियाण्याची कणसे निवडण्याचे काम पूर्वीपासून तुमचे. ते पुन्हा हाती घ्या. कापणीच्या आधी वावरात फिरून निरोगी कणसे वेगळी काढा, वेगळी वाळवा, वेगळी झोडा. सामाईक खळ्यावरच्या राशीतून बियाणे उचलू नका.

हायब्रीड आले आणि दाणा काळा झाला

आता काळ्या ज्वारीकडे येऊ. आपल्या आजोबांच्या काळी ज्वारी काळी पडत नव्हती का? पडत होती, पण क्वचित. त्याचे कारण गावरान ज्वारीच्या स्वभावात होते. ती उंच ज्वारी दिवसमानावर चालणारी. पेरणी आठ दिवस मागेपुढे झाली तरी दिवस लहान होऊ लागले की मगच ती निसवायची. दाणा भरायचा तो पाऊस गेल्यावर, कोरड्या हवेत, दिवाळीच्या पुढे.

१९६४ साली सी.एस.एच.-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. मग सी.एस.एच.-५ आले, सी.एस.एच.-९ आले. विदर्भात 'हायब्रीड' म्हटले की ज्वारीच असा अर्थ झाला. उत्पादन वाढले, यात वाद नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर त्याच हायब्रीडने अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. पण हे वाण शंभर-एकशेदहा दिवसांत तयार होते. जूनच्या शेवटी पेरले तर ऑगस्टच्या शेवटी फुलोरा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दाणा पक्का. तेव्हा आपल्याकडे पाऊस अंगणातच असतो. फुलोऱ्यापासून दाणा पक्का होईपर्यंत कणीस भिजत राहिले की बुरशी फुलातूनच आत शिरते. ती एक नाही, बुरशींचे टोळकेच आहे. दाणा गुलाबी-पांढरा दिसला तर एक, काळा मखमली दिसला तर दुसरी. दाणा हलका होतो, पिठूळ होतो, त्याची उगवण जाते.

बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, सोयाबीन आले, आणि ज्वारी विदर्भातल्या वावरातून मागे हटली. कारणे पुष्कळ आहेत. पाखरे आहेत, मजुरी आहे, भाव आहे. पण काळा दाणा हे त्यांतले एक मोठे कारण, हे कोणत्याही म्हाताऱ्या कास्तकाराला विचारा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात ज्वारीची बिस्किटे आली. पण बिस्किटाला लागतो तो पांढरा दाणा.

मग करायचे काय? तीन गोष्टी.

एक, वाणाचा कालावधी पावसाच्या कालावधीशी जुळवा. सिरोंच्याचा पाऊस अकोल्याच्या पावसापेक्षा जास्त आणि लांबणारा. अकोल्याकडे चालते ते वाण आपल्याकडे चालेलच असे नाही. बियाणे घेताना पहिला प्रश्न उत्पादनाचा विचारू नका. विचारा, "किती दिवसांत पक्के होते? कणीस मोकळे की गच्च?" मोकळ्या कणसात वारा खेळतो, गच्च कणसात पाणी अडकते. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पूर ओसरल्यावर ओलीवर पेरलेली ज्वारी या रोगातून सुटते, ती याच कारणाने.

दोन, दाणा पक्का झाला त्याच दिवशी कापा. 'पक्का' आणि 'वाळला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कणसाच्या खालच्या भागातला दाणा काढून त्याचा बुडखा पाहा, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो तिथे. तिथे काळा ठिपका दिसला की झाडाने दाण्याला द्यायचे ते देऊन टाकले. फुलोऱ्यापासून साधारण ३५ ते ४५ दिवसांत ही वेळ येते. त्यानंतर दाणा झाडावर ठेवून एक गुंजही वजन वाढत नाही, वाढते ती फक्त बुरशी. ढगाळ हवा दिसत असेल तर कडबा उभा ठेवा आणि कणसे खुडून आणा.

तीन, आणलेली कणसे ढिगात घालू नका. ओल्या कणसांची गंजी म्हणजे बुरशीचा पाळणाघर. ओसरीवर, माळ्यावर, पातळ थरात पसरा, वरखाली करा, ऊन पडेल त्या घटकेचा उपयोग करा. दाणा दाताखाली 'कट' वाजला की साठवायचा. मऊ चेपला तर अजून ऊन हवे. ओलावा बाराच्या टक्क्याखाली आला की बुरशीचा हात आखडतो.

फुलोऱ्यात औषध फवारण्याचीही शिफारस आहे. ज्याने बियाण्यासाठी प्लॉट घेतला त्याने ती जरूर करावी. पण पाऊस चालू असताना फवारलेले औषध धुऊन जाते, आणि साध्या ज्वारीच्या भावात दोन फवारण्यांचा खर्च निघतो का, याचा हिशेब ज्याने त्याने कागदावर मांडावा.

काळी ज्वारी घरी खायची का?

यावर जरा जोर देऊन बोलतो. आपण काय करतो? चांगला दाणा विकतो, काळा घरी ठेवतो. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही खेड्यांत पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका लोकांनी खाल्ला. घरोघर पोटदुखी, पोटात गुडगुड आणि जुलाब सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीने तयार केलेले विष सापडले. त्याआधी १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांत बुरशी आलेला मका खाऊन लोकांना काविळीचा आजार झाला आणि शंभरावर माणसे दगावली. ती माणसे आपल्यासारखीच होती. आदिवासी, कोरडवाहू, घरी दुसरे धान्य नाही म्हणून खाल्लेली.

तव्यावर भाकरी भाजली की बुरशी मरते, पण तिने आधीच करून ठेवलेले विष भाजून जात नाही. म्हणून जरा डाग पडलेला दाणा पाखडून, निवडून, धुऊन, वाळवून घ्या. गुलाबी-काळा मखमली, वजनाने हलका, कुबट वासाचा दाणा पोराबाळांच्या ताटात नको, दुभत्या जनावरालाही नको.

एक बुरशी, दोन पिके

आता त्या बुरशीबद्दल, जिला पिकाची तहान मानवते. ज्वारी पावसाच्या शेवटी दाण्यात आली, पाऊस उघडला, जमीन तापली, आणि एका वाऱ्यात वावर आडवे झाले. बुडाचे पेर हाताने दाबले तर पोकळ लागते. ताट उभे चिरा. आत गाभ्याचे धागे धागे झालेले आणि त्यांवर मिऱ्याची पूड शिंपडावी तसे काळे बारीक ठिपके. हा खडखड्या. वाळलेली ताटे वाऱ्यावर खडखडतात म्हणून हे नाव पडले.

तीच बुरशी पऱ्हाटीत मूळकूज करते, तुरीत करते, मुगात आणि सोयाबीनमध्येही करते. पाचशेच्या आसपास वनस्पतींवर ती जगते. म्हणजे पऱ्हाटीवर ज्वारी आणि ज्वारीवर पऱ्हाटी ही आपली पिढीजात फेरपालट इतर रोगांना चांगली, पण या बुरशीला तिने उपास पडत नाही. तिचे काळे ठिपके जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. हिच्यावर फवारणीचे औषध नाही, कुणी देत असेल तर घेऊ नका.

हिचा उपाय म्हणजे पिकाला तहान लागू न देणे. दाट पेरू नका, विरळणी वेळेवर करा. युरियाचा हात आखडा, कारण युरियाने वाढलेले मोठे झाड पाणीही जास्त मागते. शेवटची डवरणी अशी द्या की जमिनीच्या भेगा बुजतील. निंदणाचे गवत बी धरण्याआधी ओळीत अंथरा. रोगट धसकटे वेचून वावराबाहेर काढा. चांगले कुजलेले शेणखत आणि त्यात वाढवलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिळाली तर पेरणीआधी जमिनीत मिसळा. जमिनीत चांगल्या बुरशींचा वावर वाढला की वाईट बुरशीला जागा कमी पडते.

पऱ्हाटी सुकली : उपटून पाहा, चिरून पाहा

पऱ्हाटी सुकण्याची तीन कारणे आहेत आणि तिघांचा उपाय वेगळा. दुकानात जाण्याआधी पाच मिनिटे खर्च करा आणि एक सुकलेले झाड उपटा.

झाड अलगद हातात आले, मुळाची साल ओली, पिवळसर, चिंध्यांसारखी सुटली, तर ती मूळकूज. वावरात गोल गोल चट्ट्यांनी ती पसरते. आत्ताच सांगितलेलीच बुरशी.

झाड घट्ट असेल, मुळे शाबूत असतील, पण मूळ आणि खोड चिरल्यावर आत तपकिरी-काळ्या रेघा दिसत असतील, तर ती बुरशीची मर. आपल्या देशात ही मर गावरान, देशी कापसावर येते. विदर्भात देशी कापूस होता तेव्हा तिने मोठा धुमाकूळ घातला आणि मर न लागणारे वाण निवडणे हाच तिच्यावरचा टिकाऊ उपाय ठरला. आज वावरात असलेल्या अमेरिकन संकरित कापसाला ती सहसा लागत नाही. ज्यांनी पुन्हा देशी कापूस पेरला आहे त्यांनी मात्र बियाणे घेताना मरीला टिकणारे वाण मागून घ्यावे.

तिसरे कारण फसवे. मुळे शाबूत, चिरले तर आत पांढरेशुभ्र, आणि तरी झाड एका दिवसात माना टाकते. हे केव्हा होते? बरेच दिवस उघाड, मग एकदम मोठा पाऊस, वावरात पाणी तुंबलेले, झाडावर बोंडांचा भार. ही आकस्मिक मर. यात बुरशी नाहीच. तुंबलेल्या पाण्यात मुळांचा श्वास कोंडतो. जुलै २०२२ च्या पुरात गोदावरी-प्राणहितेचे पाणी आपल्या तालुक्यातल्या कित्येक गावांत शिरले. नदीकाठच्या वावरांना हे नव्याने सांगायला नको. अशा वेळी पहिले काम चर काढून पाणी बाहेर काढणे, आणि तेही एक-दोन दिवसांत. वाफसा येताच झाडाच्या बुडाशी माती मोकळी करा. १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम युरिया आणि १५० ग्रॅम पोटॅश विरघळवून झाडामागे साधारण १५० मिलिलिटर बुडाशी ओता. लवकर हात चालवला तर बरीच झाडे परत उभी राहतात. बुरशीच्या महागड्या बाटलीने मात्र एकही उभे राहणार नाही.

पानांवरच्या रोगांबद्दल थोडक्यात. थंडी पडू लागली, धुके-दव वाढले की पानाच्या खाली दही शिंपडल्यासारखे पांढरे चट्टे येतात. हा दहिया. सुरुवातीलाच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटरला २५ ते ३० ग्रॅम फवारले तर आटोक्यात येतो. बोंडे पक्की झाली, पाने तशीही गळायला लागली, तेव्हा दिसला तर खर्च करू नका. बोंडसड दाट लावणीत, जास्त युरियात आणि अळीने भोक पाडलेल्या बोंडात येते. तिचा उपाय पुढच्या वर्षीच्या दोन ओळींतल्या अंतरात आहे.

पंप खांद्याला लावण्याआधी

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले. त्या घरांचा विसर पडू देऊ नका. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक असे तीन-चार डबे एका पंपात ओतायला जो सांगतो, तो तुमच्या फुप्फुसाची जबाबदारी घेत नाही. रोग ओळखला नसेल तर फवारू नका. ओळखला असेल तर एकच औषध, लेबलवर लिहिले तेवढेच, वाऱ्याच्या पाठीने आणि तोंड-अंग झाकून. विनाबिलाचे, विनालेबलाचे पाकीट नदीच्या अलीकडून येवो की पलीकडून, त्यावर विश्वास ठेवू नका. बियाण्याला औषध लावले आहे की नाही, हेही ते पाकीट सांगत नाही, आणि बिल नसले तर उद्या तक्रार घेऊन कुठे जाणार?

गावात परत गेल्यावर

गडचिरोली इथून दोनशे किलोमीटरवर, अकोल्याचे विद्यापीठ त्याहून किती तरी लांब. तिथला शास्त्रज्ञ आपल्या धुऱ्यावर येईल म्हणून वाट पाहत बसलो तर हंगाम निघून जाईल. म्हणून या बैठकीतून उठताना गावागावाने एवढे ठरवावे.

पेरणीआधी आठ दिवस गावातल्या साऱ्या घरच्या बियाण्याला एकाच जागी, एकाच दिवशी गंधक लावायचे. गंधक एकत्र आणले तर स्वस्त पडते, आणि एकाच्या वावरातली काणी दुसऱ्याच्या बियाण्यात जाण्याची वाटही बंद होते. सामाईक खळे असेल तर काणीची कणसे खळ्यावर येणार नाहीत, असा गावाचा नियम करायचा. भादव्यात चार माणसांनी मिळून शिवारफेरी करायची. सुकलेले झाड उपटून, चिरून सगळ्यांना दाखवायचे. जे दिसले ते वहीत लिहायचे : कोणते वावर, कोणते वाण, कधी पेरले, काय दिसले. तेलुगू बोलणाऱ्या भावांसाठी तीच नोंद जोन्न आणि पत्ती या नावांनी करायची. रोगाला भाषा नसते. तीन वर्षांची अशी वही तयार झाली की आपल्या शिवारात कोणते वाण टिकते, हे सांगायला बाहेरचा माणूस लागणार नाही. कृषी विज्ञान केंद्रातले लोक आले तर त्यांच्यापुढेही तीच वही ठेवायची.

आणि ज्या दिवशी व्यापारी मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन फुंकर मारेल, त्या दिवशी ती पांढरी निघाली पाहिजे. मग भावाची गोष्ट करू, आणि मान वर करून करू.